रंग बदलणारा चाकू घेताना

महोदय,

एसटीतून वाहक म्हणून निवृत्त झाल्यापासून मी गल्लीतल्या पोरांना जादू दाखवतो. लाल चाकू हातातल्या हातात पांढरा होतो, तो खेळ पोरांचा लाडका. (गुपित विचारू नका, सांगणार नाही!) त्यासाठीचे चाकू सांगलीत मला कुठे मिळेनात, म्हणून ऑनलाइन मागवले. पार्सल उघडलं तर एकाची मूठ जाड, दुसऱ्याची बारीक. पातं खिळ्यापाशी लटलटत होतं, आणि आठवड्यात लाल रंगाचे पापुद्रे निघाले. सोबतचा निळा नि काळा तर ट्यूबलाइटखाली एकसारखेच दिसतात, मग रंग बदलला काय नि न बदलला काय!

मिटलेला चाकू तळहातात मावावा, साधारण ८-९ सेंटिमीटर. मुठीच्या कडा गोलसर, सगळ्या चाकूंची जाडी नि वजन सारखं, पातं बोथट. विक्रेते मात्र चकचकीत फोटो टाकून मोकळे. निदान लांबी नि वजन तरी छापा.

शेवटी मिरजेतल्या एका सतारीच्या कारागिराने मुठी घासून पॉलिश करून दिल्या. पैसे घेतले नाहीत. खेळ मात्र दोनदा करायला लावला.

– एक निवृत्त वाहक, विश्रामबाग, सांगली