जंगलात गांडुळं सोडू नका

महोदय,

पावसाळा लागला की नागपुरात सेमिनरी हिल्स, अंबाझरी, गोरेवाडा परिसरात झाडं लावणाऱ्यांची लगबग सुरू होते. काही जण खड्ड्यात गांडूळखताबरोबर ओंजळभर जिवंत गांडुळंही टाकतात. हेतू चांगला आहे, पण जंगलात हे थांबायलाच हवं.

गांडूळखताच्या बेडमधल्या गांडुळांच्या दोन जातींपैकी आयसेनिया फेटिडा मूळची युरोपातली, युड्रिलस युजिनी पश्चिम आफ्रिकेतली. दोघींना शेणासारखं सेंद्रिय खाद्य लागतं. मुरमाड जमिनीत आणि आपल्या उन्हाळ्यात त्यांनी तग धरणं कठीण. खरी धास्ती आहे पॉन्टोस्कोलेक्स कोरेथ्रुरसची. हे दक्षिण अमेरिकेतलं गांडूळ पश्चिम घाटातल्या मळ्यांत केव्हाच स्थिरावलंय आणि रोपांच्या पिशव्यांतल्या मातीतून प्रवास करतं. त्याला जोडीदार लागत नाही. एकटं गांडूळ अंड्यांचे कोष घालतं, पुढची पिढी तयार! शेपटीकडे बोट फिरवलं तर ब्रशासारखं खरखरीत लागतं. ब्राझीलमध्ये मनौसजवळ जंगल तोडून केलेल्या कुरणांत त्याच्या विष्ठेने जमीन अशी लिंपली गेली, की पाणी मुरेना.

उत्तर अमेरिकेच्या उत्तर भागात हिमयुगानंतर हजारो वर्षं गांडुळंच नव्हती. युरोपातली गांडुळं गळाचं आमिष म्हणून आणि कुंड्यांच्या मातीतून तिथे पोचली. त्यांनी पाचोळ्याचा थर संपवला, नत्र मुळांनी उचलण्याआधीच पाण्याबरोबर निघून गेलं, मेपलची कोवळी रोपं उघडी पडली. आपल्याकडे स्थानिक गांडुळं आहेत, त्यामुळे जसंच्या तसं घडेल असं नाही. पण टेकडीवरच्या मुरमावरची वीतभर माती मृगाच्या सरींत टिकते ती सागाच्या गळलेल्या पानांमुळेच.

म्हणून जंगलातला खड्डा त्यातूनच निघालेल्या मातीने भरा, वर पाचोळा पसरा. गांडूळखत घरच्या बागेला, संत्र्याला द्या. चाळून घेतलं तरी पुरत नाही : ४ मिलिमीटरच्या चाळणीवर गांडुळं अडतात, ज्वारीच्या दाण्याएवढे कोष मात्र खाली पडतात. रोप लावताना पिशवी फाडून मुळांभोवतीची माती बघा. जमिनीत शंका असेल तर पाचोळा बाजूला सारून फूटभर चौरसावर ४ लिटर पाण्यात ४० ग्रॅम मोहरीची पूड कालवून हळूहळू ओता. गांडुळं काही मिनिटांत वर येतात. खरखरीत शेपटीची निघाली तर परत मातीत टाकू नका, प्लास्टिकच्या पिशवीत बांधून कडक उन्हात ठेवा.

– मृदाविज्ञानाचा एक अभ्यासक, नागपूर