लहान होडीलाही जलमार्गावर जागा द्या: केंद्रीय जलमार्ग मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
माननीय केंद्रीय मंत्री,
बंदरे, नौवहन आणि जलमार्ग मंत्रालय,
भारत सरकार

मंत्रीमहोदय,

सविनय नमस्कार.

देशातल्या अंतर्गत जलमार्गांवरून २०१३-१४ साली सुमारे १.८ कोटी टन माल गेला होता आणि २०२३-२४ साली तो १३.३ कोटी टनांवर पोहोचला, असे आपले मंत्रालय अभिमानाने सांगते. अभिमान रास्त आहे. धरमतरच्या खाडीत भरतीबरोबर आत येणाऱ्या बार्जेस, म्हणजे सपाट तळाच्या मालवाहू बोटी, पाहिल्या की या आकड्यामागचे काम दिसते. माझी तक्रार वेगळी आहे. जलमार्गाचे सगळे मोजमाप टनांत होते, त्यामुळे जिच्यात माल नसतो ती होडी हिशेबातच येत नाही. वल्ह्याची होडी, शिडाची होडी, कायाक किंवा मागे लहानसे आउटबोर्ड इंजिन लावलेली फायबरची बोट घेऊन नदीत, खाडीत आणि धरणाच्या फुगवट्यात हौसेने जाणारी माणसे या देशात आहेत. मी त्यांच्यातलाच एक. जलमार्गाची खोली, घाट, इशारे आणि नियम ठरवताना लहान होडी ही सुद्धा त्या पाण्याची हक्काची वापरकर्ती आहे असे धरून चालावे, एवढे एकच मागणे घेऊन हे पत्र लिहितो आहे.

२०१६ च्या राष्ट्रीय जलमार्ग कायद्याने देशातले १११ जलमार्ग राष्ट्रीय ठरले. आमच्या कोकणातल्या ओळखीच्या खाड्यांना त्यामुळे क्रमांक मिळाले. आंबा नदी १०, दाभोळची खाडी आणि वाशिष्ठी २८, कल्याण-ठाणे-मुंबई ५३, रेवदंड्याची खाडी आणि कुंडलिका ८५, शास्त्री आणि जयगडची खाडी ९१. यादी वाचून आम्हाला आनंद झाला होता. या खाड्यांनी चौल, दाभोळ, कल्याण ही बंदरे शेकडो वर्षे जगवली. पण आपली होडी घेऊन तिथे गेलेल्या माणसाच्या अडचणी क्रमांक मिळाल्याने कमी झालेल्या नाहीत.

पहिली अडचण होडी पाण्यात घालण्याची. ऐकायला ही क्षुल्लक वाटेल, पण आमच्या निम्म्या हौशी सहली इथेच मोडतात. जेटी बांधली जाते ती लाँचच्या उंचीची. उभी भिंत, वर रेलिंग, खाली उतरायला शेवाळलेल्या चार पायऱ्या. ओहोटीला त्या पायऱ्या चिखलात संपतात आणि गुडघाभर चिखलातून दोघातिघांनी होडी ओढत न्यावी लागते. ट्रेलरवरून होडी सरळ पाण्यात सोडता येईल असा सिमेंटचा उतार फार थोड्या ठिकाणी आहे. जिथे वाहने नेणारी फेरीबोट चालते, म्हणजे दाभोळ-धोपावे किंवा जयगड-तवसाळसारख्या ठिकाणी, तिथे रॅम्प असतो, पण तो फेरीसाठी असतो आणि आम्ही तो अडवणे योग्य नाही. नव्या प्रत्येक जेटीच्या आराखड्यात, ओहोटीच्या पाण्यापर्यंत पोहोचणारा एक अरुंद उतार सक्तीचा करावा. तो मच्छीमाराला होडी दुरुस्तीसाठी वर काढायला उपयोगी पडेल आणि पुराच्या वेळी बचाव पथकाची रबरी बोटही तिथूनच उतरेल. आउटबोर्डच्या पेट्रोलचेही तसेच आहे. मासेमारी बंदरावर डिझेल मिळते, पेट्रोल मिळत नाही, आणि रस्त्यावरचा पंपवाला कॅनमध्ये द्यायला नकार देतो. होडी काही पंपावर नेता येत नाही.

दुसरी गोष्ट खोलीची, आणि ती मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. कोकणातला जुना माणूस तिथी ऐकून भरतीची वेळ सांगतो. तिथीची पाऊणपट केली की साधारण तास निघतात, अष्टमीला सहाच्या सुमारास पूर्ण भरती. उधाण (अमावास्या-पौर्णिमेची मोठी भरती) आणि भांग (अष्टमीच्या सुमाराची लहान भरती) यांतला फरक त्याला अंगवळणी पडलेला असतो. पण पाणी कधी येणार हे तिथीवरून कळले तरी खाली काय आहे ते कळत नाही. खाडीच्या मुखाशी वाळूचा दांडा दरवर्षी सरकतो. आत वाळू उपशाने कुठे खड्डे पडतात, कुठे भर साचते. मागच्या हंगामात जिथून होडी निघाली तिथे या हंगामात इंजिनाचा पंखा गाळात रुततो. आपल्या भारतीय अंतर्देशीय जलमार्ग प्राधिकरणाकडे खोली मोजण्याची साधने आहेत आणि मालवाहतुकीच्या मोठ्या पट्ट्यांत ती वापरलीही जातात. खाड्यांची मोजणी पावसाळ्यानंतर वर्षातून एकदा तरी व्हावी, आणि तो नकाशा मोबाइलवर उघडेल अशा साध्या रूपात मराठीत मिळावा. समुद्रावरून आत येताना लाल बोया (पाण्यावर तरंगणारी खूण) डाव्या हाताला आणि हिरवा उजव्या हाताला, हा नियम शिकलेल्या माणसाला निदान खाडीच्या मुखाशी ते बोये दिसले पाहिजेत.

सह्याद्रीपलीकडच्या, म्हणजे घाटावरच्या, जलाशयांत हाच प्रश्न वेगळ्या रूपात भेटतो. धरणाचे पाणी राज्याच्या जलसंपदा विभागाचे, हे मी जाणतो. तरी आपल्या कायद्याच्या व्याख्येत नदी, कालवा, तलाव सगळे येतात, म्हणून इथे लिहितो. जलसंपदा विभाग रोज साठ्याची टक्केवारी जाहीर करतो. शेतकऱ्याला ती हवी असते, आम्हाला तिचा उपयोग जवळजवळ नाही. उजनी धरणाच्या सुमारे ११७ टीएमसी (अब्ज घनफूट) क्षमतेपैकी ६३ टीएमसीहून अधिक मृतसाठा, म्हणजे एरवी वापरासाठी न धरलेले तळाचे पाणी, आहे, म्हणून उन्हाळ्यात ‘उजनी वजा’ झाली तरी पाण्याचा पसारा डोळ्यांत मावत नाही. त्या पसाऱ्याखाली जुन्या गावांच्या भिंती आहेत, झाडांचे बुंधे आहेत. पाणी खूप उतरले की पळसदेवचे पळसनाथाचे देऊळ बाहेर येते आणि लोक ते पाहायला जातात. पण ते पूर्ण बाहेर येण्याआधी काही काळ पाण्याच्या जेमतेम खाली असते, आणि धोका तेव्हाच असतो. पाण्याची पातळी मीटरमध्ये किती आणि त्या पातळीला कुठे काय वर येते, एवढा एक फलक प्रत्येक घाटावर लावता येणार नाही का? स्थानिक मच्छीमारांना ही माहिती तोंडपाठ आहे. त्यांच्या सोबत बसून, त्यांना मोबदला देऊन ती नकाशावर उतरवावी.

जलपर्णीबद्दल बोलताना मला संताप आवरत नाही. दक्षिण अमेरिकेतून आलेली ही वनस्पती योग्य हवामानात दोनेक आठवड्यांत दुप्पट पसरते. मुळा-मुठा, पवना, इंद्रायणी या नद्यांतून ती भीमेत आणि उजनीत उतरते. होडीची वाट बंद होते, जाळी तुटतात, खालच्या पाण्याला ऊन आणि हवा मिळत नाही. दरवर्षी निविदा निघतात, यंत्रे येतात, ढीग काठावर टाकले जातात आणि पहिल्या पुरात त्यातले निम्मे पुन्हा पाण्यात जातात. ती फोफावते ते शहरांच्या सांडपाण्यातल्या नत्र आणि स्फुरदावर. सांडपाणी शुद्ध होत नाही तोवर जलपर्णी काढणे हे दरसालचे कंत्राटच राहणार. हा विषय दुसऱ्या मंत्रालयाचा आहे असे उत्तर कृपया देऊ नका. भीमेचा काही भाग राष्ट्रीय जलमार्गांच्या यादीत आहे.

कायद्याबद्दल आधी चांगले सांगतो. १९१७ चा अंतर्देशीय जहाज कायदा जाऊन २०२१ चा आला, ही आमच्यासाठी मोठी गोष्ट होती. पूर्वी एका राज्यात नोंदलेली बोट दुसऱ्या राज्यात न्यायची तर तिथली वेगळी मान्यता लागे. आता नोंदणी देशभर चालते. विमा सक्तीचा आहे, तेही बरोबरच आहे. गोंधळ अंमलबजावणीत आहे. पाच माणसांच्या होडीसाठी आलेल्याला शंभर माणसांच्या प्रवासी लाँचचा अर्ज पुढे केला जातो. सर्वेक्षक कधी येईल ते सांगता येत नाही. विम्याच्या खिडकीवर हौशी बोटीसाठी कोणता प्रकार निवडायचा हे कोणालाच ठाऊक नसते. नोंदणी झाली तरी एका जलाशयावर जलसंपदाची परवानगी मागतात, दुसरीकडे वन विभागाची, तिसरीकडे ग्रामपंचायत पावती फाडते, आणि चौथीकडे पोलीस म्हणतात की बोटींना मनाईच आहे, पण मनाईचा आदेश कोणता ते दाखवता येत नाही. आम्ही शुल्क द्यायला तयार आहोत, अभ्यासक्रम करून परीक्षाही देऊ. लहान बिगरव्यावसायिक होडीसाठी एक स्वतंत्र वर्ग, एक पानाचा अर्ज आणि सगळ्या जलाशयांना चालणारा एक वार्षिक परवाना द्या. अभयारण्याच्या हद्दीत वन विभागाचा शब्द अखेरचा राहो, त्याला आमची हरकत नाही.

आता सुरक्षेविषयी. मे २०२३ मध्ये केरळातल्या तानूर इथे बावीस माणसे बुडाली. जानेवारी २०२४ मध्ये वडोदऱ्याच्या हरणी तलावात बारा शाळकरी मुले आणि दोन शिक्षिका गेल्या. त्याच वर्षी मे महिन्यात उजनीत कुगावहून कळाशीकडे निघालेली बोट वादळी वाऱ्यात उलटली आणि सहा जीव गेले. तानूर आणि हरणीच्या बोटींत क्षमतेपेक्षा जास्त माणसे भरली होती. हरणीत बहुतेक मुलांच्या अंगावर लाइफ जॅकेट नव्हते. उजनीत वाऱ्याने घात केला.

प्रत्येक दुर्घटनेनंतर काय होते ते आम्ही पाहत आलो आहोत. बोटिंग बंद करण्याचे आदेश निघतात. काही महिन्यांनी ते विरतात आणि बोटी जशा होत्या तशाच पुन्हा सुरू होतात. उजनीकाठच्या माणसाला पलीकडचा तालुका पाण्यावरून समोर दिसतो, रस्त्याने मोठा वळसा पडतो. तो बंदी असली तरी जाणारच, फक्त चोरून जाईल, आणि चोरून जाणाऱ्या बोटीत जॅकेट कोण तपासणार? बंदरांवर वादळाच्या वेळी तीन नंबरचा बावटा चढतो आणि कोकणात शाळकरी पोरालाही त्याचा अर्थ कळतो. तसाच बावटा उजनी, कोयना, पवना, मुळशी, भंडारदरा इथल्या घाटांवर का नको? वळवाच्या दिवसांत हवामान विभाग जिल्ह्यासाठी वादळी वाऱ्याचा इशारा देतो. तो फोनवर येतो आणि फोन होडीत प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला असतो. काठावरचा बावटा मात्र लांबून दिसतो. समुद्रात संकट आले तर तटरक्षक दलाचा १५५४ क्रमांक आहे. जलाशयात ११२ लावला तर समोरच्याला जागा समजावून सांगण्यातच वेळ जातो. प्रत्येक घाटाला, प्रत्येक बेटाला आणि मोठ्या फाट्याला क्रमांक देऊन तो रंगवून ठेवला तर ‘उजनी, घाट क्रमांक अमुक’ एवढ्यावर मदत निघू शकेल. पहिला मदतीला धावतो तो जवळचा भोई किंवा कोळीच. त्याच्या होडीत दोर, जादा जॅकेटे आणि प्रथमोपचाराची पेटी सरकारने ठेवावी.

आमच्या मंडळींबद्दलही स्पष्ट लिहायला हवे. पाण्यावर येणारे सगळेच चांगले वागतात असे नाही. स्पीडबोट आणि जेट स्की भरधाव नेऊन लाटा उठवणारे, स्पीकर लावणारे, भिगवणच्या रोहित पक्ष्यांच्या थव्यात फोटोसाठी बोट घुसवणारे लोक मला मान्य नाहीत. घाटापासून ठरावीक अंतरात, पक्ष्यांच्या उथळ पाण्यात आणि मासेमारीच्या पट्ट्यात वेगमर्यादा हवी आणि दंडही हवा. ब्रिटनच्या कालव्यांवर ताशी चार मैल, म्हणजे साडेसहा किलोमीटरच्या आसपास, मर्यादा आहे आणि तिथले होडीवाले ती आनंदाने पाळतात, कारण लाटांनी काठ ढासळतात हे त्यांना कळते. मच्छीमाराशी आमचे भांडण लावू नये. त्याचे पोट त्या पाण्यावर आहे, आमची हौस आहे, आणि वाट आम्हीच सोडली पाहिजे. त्याच्या डोलजाळीच्या खांबांवर, पाण्याखालच्या जाळ्यांवर रात्रीही दिसतील असे बोये सरकारी खर्चाने लावले तर दोघांचेही नुकसान टळेल.

गाळ काढायला पैसा कुठून आणायचा, असा प्रश्न येईल. जुलै २०२१ च्या पुराने चिपळूण बुडाले, त्यानंतर वाशिष्ठीतला गाळ काढण्यासाठी चिपळूणकरांना आंदोलन करावे लागले, तेव्हा काम सुरू झाले. होडीसाठी मोकळा केलेला मार्ग पुराचे पाणीही वाहून नेतो. पूरनियंत्रणाचा आणि जलमार्गाचा गाळ एकाच आराखड्यात धरला तर खर्च दोनदा होणार नाही. उपशाचे कंत्राट वाळूच्या भावावर दिले जाऊ नये, एवढी मात्र दक्षता घ्यावी, नाहीतर गाळ जागेवर राहील आणि वाळू तेवढी जाईल.

ब्रिटनमधला केनेट अँड एव्हन कालवा मालवाहतुकीने सोडून दिला होता. होडीवाल्या हौशी लोकांनी आणि स्वयंसेवकांनी अनेक वर्षे खपून तो पुन्हा उभा केला आणि १९९० मध्ये तो अखंड वाहतुकीला खुला झाला. त्याआधी, १९६८ च्या कायद्याने तिथल्या काही कालव्यांना मुख्यतः सहलीच्या होड्यांसाठीचे म्हणून दर्जा दिला आणि ते त्यासाठी योग्य स्थितीत ठेवणे ही सरकारी जबाबदारी ठरवली. आपल्याकडच्या १११ पैकी कित्येक मार्गांवर मोठी बार्ज कधीच जाणार नाही. त्यांना मालवाहतुकीच्या कसोटीवर नापास करून सोडून देऊ नका. त्यांतले काही लहान होड्यांसाठीचे म्हणून अधिसूचित करा. सुरुवात दाभोळ-वाशिष्ठी आणि उजनी या दोन ठिकाणांपासून करावी. या हिवाळ्यात तिथे बैठक बोलवा, जलसंपदा, वन, सागरी मंडळ, मच्छीमार संस्था आणि आमच्यासारखे होडीवाले यांना एका टेबलाशी बसवा. खोली मोजायला लागणारी माणसे आणि होड्या आम्ही विनामोबदला देऊ.

कळावे,

आपला नम्र,
कोकणच्या खाड्यांत आणि घाटावरच्या जलाशयांत होडी घालणारा एक नागरिक