चाळीस मिनिटांचा उशीर आणि अर्जातला एक 'नाही'

मा. संपादक,
सादर नमस्कार.

कालच्या पुरवणीत महिला नाट्य-कला महोत्सवाचा वृत्तान्त वाचला. प्रयोगांबद्दल जे लिहिले आहे ते बहुतेक पटले, त्याबद्दल तक्रार नाही. पण शेवटच्या परिच्छेदात दुसऱ्या दिवशीच्या सायंकाळच्या प्रयोगाला झालेल्या ४० मिनिटांच्या उशिराचे खापर 'हौशी स्वयंसेविकांच्या नियोजनशून्यतेवर' फोडले आहे आणि 'पुढील वर्षी व्यवस्था व्यावसायिकांकडे सोपवावी' असा सल्लाही दिला आहे. पडद्यामागे त्या वेळी काय चालले होते हे विचारायला तुमच्या प्रतिनिधींना २ मिनिटे लागली असती. त्यांनी विचारले नाही, म्हणून हे पत्र.

दुपारच्या प्रयोगात रंगमंचावर माती पसरली आणि तिच्यावर पाणी ओतले गेले. दृश्य जबरदस्त होते. तुमच्या वृत्तान्तातही त्याचे कौतुक आहे. महोत्सवाच्या प्रवेशअर्जात एक प्रश्न असतो: 'रंगमंचावर काही सांडणार, पसरणार किंवा फुटणार आहे का?' त्या संघाने तिथे 'नाही' लिहिले होते. अर्ज भरला तेव्हा ते दृश्य बसवलेलेच नसेल, असे होऊ शकते. पण बसल्यावर कळवायला हवे होते, ते राहिले. आणि संध्याकाळचा प्रयोग होता अनवाणी नृत्याचा.

रंगमंच १० मीटर बाय ८ मीटर, म्हणजे ८० चौरस मीटर, वर काळे व्हिनाइल, म्हणजे प्लास्टिकसारखे गुळगुळीत आच्छादन, अंथरलेले. चिखल ओल्या फडक्याने थेट पुसायला घेतला तर तो फक्त पसरतो आणि व्हिनाइलच्या पट्ट्यांच्या जोडात जाऊन बसतो. म्हणून आधी वायपरने पाणी एका कडेला ओढायचे, जाड माती सुपलीने उचलायची, मग साध्या पाण्याने दोनदा पुसायचे, दर फेरीला बादली बदलायची आणि शेवटी कोरडे कापड फिरवायचे. साबण वापरायचा नाही. त्याचा थर मागे राहतो आणि नाचणारीचा पाय घसरतो. जोडांवरची टेप भिजली की कडा उचलते. ती पूर्ण काढून, जागा कोरडी करून नवी लावावी लागते, नाहीतर पायाचे बोट नेमके तिथेच अडकते. एवढे झाल्यावर विंगेतून, म्हणजे रंगमंचाच्या बाजूच्या आडोशातून, अगदी खालच्या उंचीवर एक दिवा आडवा लावायचा. वरच्या प्रकाशात न दिसणारा खडा त्या दिव्यात सावली टाकतो. आणि तरीही कुणीतरी अनवाणी पायांनी पूर्ण रंगमंच चालून पाहायचा, कारण जो खडा डोळ्याला सापडत नाही तो तळव्याला सापडतो. ६ जणींनी हे सगळे ५० मिनिटांत केले. कोणत्याही व्यावसायिक मंडळींनाही तेवढाच वेळ लागला असता. पैसे घेऊन पुसले म्हणून व्हिनाइल लवकर वाळत नाही.

आता 'नियोजनशून्यते'चा हिशेब. दोन प्रयोगांमध्ये ९० मिनिटे ठेवली होती. प्रेक्षक बाहेर पडायला १०, आधीचा संच (नेपथ्य) उतरवायला १५, झाडायला ५, पुढचा संच लावायला २०, प्रकाश आणि ध्वनी तपासायला २०, प्रेक्षकांना आत घ्यायला १५. बेरीज ८५. हाताशी उरली ५ मिनिटे. झाडण्याची ५ आणि ही शिल्लक ५ त्या ५० मधून वजा करा. उरतात तुमच्या प्रतिनिधींनी मोजलेली ४०. तपासणीच्या २० मिनिटांना कात्री लावून वेळ भरून काढता आला असता. तसे केले नाही, ते बरोबरच केले. प्रकाश न तपासता नर्तिकेला अंधारात उडी घ्यायला लावणे हा गुन्हा आहे.

खरे बोलायचे तर राग एकट्या तुमच्यावर नाही. महोत्सवात भाग घेणाऱ्या संघांवरही आहे, आणि ते हे पत्र वाचतील म्हणून सविस्तर लिहिते. तांत्रिक माहितीचा तक्ता मागितला जातो तो फाइलला लावण्यासाठी नव्हे. महोत्सवात एकाच दिवशी एकाच रंगमंचावर ३ संघ येतात. प्रत्येकासाठी दिवे उतरवून पुन्हा टांगता येत नाहीत. रंगमंचाचे ९ भाग पाडून त्यांवर समोरून उबदार (पिवळसर) आणि थंड (निळसर) असा सर्वसाधारण प्रकाश, मागून आणि बाजूने थोडे दिवे, ही मांडणी सगळ्यांना सामाईक असते. तिच्यापलीकडे प्रत्येक संघाला ३-४ खास दिवे मिळतात. शिडी लावून एक दिवा नीट रोखायला, त्याच्या प्रकाशाच्या कडा कापायला आणि तो घट्ट कसायला ५ ते १० मिनिटे जातात. म्हणून 'आमच्या नेहमीच्या योजनेत २४ दिवे आहेत, तेवढे सकाळी लावून द्या' ही मागणी म्हणजे किमान २ तास, आणि ते कुठून काढायचे हे मागणारीने सांगावे. आपले क्यू, म्हणजे प्रकाश बदलण्याचे इशारे, त्या ९ भागांवर बसवून आणले, क्यूशीटवर प्रत्येक क्यूचा आकडा, त्याचे वाक्य किंवा हालचाल आणि किती सेकंदांत बदल हवा हे लिहिले, तर अनोळखी स्वयंसेविकासुद्धा ४५ मिनिटांचा प्रयोग पहिल्याच फटक्यात चालवू शकते. 'इथे जरा उदास प्रकाश' एवढ्यावर कुणालाही काही करता येत नाही.

ध्वनीतही तेच. फाइली ०१, ०२, ०३ अशा क्रमांकाने पेनड्राइव्हवर आणाव्यात आणि दुसरी प्रत वेगळ्या पेनड्राइव्हवर असावी. मोबाइलवरून संगीत वाजवायचे तर निदान तो एअरप्लेन मोडवर टाका. लॅपटॉप चार्जरला जोडलेला असताना स्पीकरमधून घोंघाट येतो, तो बहुतेकदा दोन वेगळ्या ठिकाणच्या अर्थिंगमुळे येतो. चार्जर काढून पाहा. घोंघाट थांबला तर मध्ये डीआय बॉक्स (अर्थिंगचा तो दुवा तोडणारी छोटी पेटी) लावावा लागतो किंवा प्रयोगभर बॅटरीवर चालवावे लागते. तेव्हा बॅटरी पूर्ण भरून आणा. कॉर्डलेस माइक स्वतःचे आणत असाल तर फ्रिक्वेन्सी आधी कळवा. दोन संघांचे माइक एकाच फ्रिक्वेन्सीवर आले की रंगपटात चाललेले बोलणे प्रेक्षागृहात ऐकू येते.

रंगपटावरून आठवले. प्रयोगाच्या मध्येच वीज जाते तेव्हा सगळे दिव्यांच्या डिमरला, म्हणजे प्रकाश कमीजास्त करणाऱ्या यंत्राला, दोष देतात. कारण बहुतेकदा मेकअपच्या खोलीत असते. २३० व्होल्टच्या १६ अँपिअरच्या सर्किटवर साधारण ३,६८० वॅट चालतात. २,००० वॅटची इस्त्री, २,००० वॅटचा हेअर ड्रायर आणि १,५०० वॅटची किटली एकाच वेळी लावली की ५,५०० वॅट, म्हणजे जवळजवळ २४ अँपिअर. एवढ्या भाराला ब्रेकर लगेच पडत नाही. तो तापतो आणि काही मिनिटांनी पडतो. म्हणूनच इस्त्री तिसऱ्या घंटेपूर्वी लावलेली असते आणि अंधार पहिल्या प्रवेशात होतो. ध्वनीचा बोर्ड त्याच सर्किटवर असेल तर तोही बंद. इस्त्री आदल्या रात्री करून या. तेही जमत नसेल तर कोणता सॉकेट वापरायचा ते विचारा, एवढीच विनंती.

आणि संच उतरवण्याची तालीम करा. नाटकाची तालीम महिनोन्महिने होते, उतरवण्याची एकदाही होत नाही. घड्याळ लावून, आपल्याच माणसांनी, १५ मिनिटांत सगळे विंगेत जाते का ते पाहा. दोघींना उचलता येणार नाही असा एकही तुकडा नको, ९० सेंटिमीटरच्या दारातून जाणार नाही असाही नको. प्रॉपर्टीच्या (नाटकात हाताळायच्या वस्तूंच्या) टेबलावर कागद अंथरून प्रत्येक वस्तूची बाह्यरेषा काढून ठेवा. जी रेषा रिकामी ती वस्तू हरवलेली, हे आवराआवर करणाऱ्या अनोळखी हातांनाही कळते. जमिनीवरच्या खुणांसाठी दिलेल्या रंगाचीच टेप वापरा, फक्त कोपऱ्यांवर. अख्खी चौकट आखून ठेवणाऱ्या संघाच्या खुणा काढायला पुढच्या संघाची १० मिनिटे जातात.

राहिली स्वयंसेवेची गोष्ट. 'व्यावसायिकांकडे सोपवा' हे वाक्य मला सर्वांत जास्त लागले. न्यूयॉर्कमध्ये १९८० साली 'विमेन्स वन वर्ल्ड' हा महिला रंगकर्मींचा महोत्सव झाला. त्यातूनच 'वॉव कॅफे थिएटर' उभे राहिले, आणि तिथली रीत अशी की आधी दुसऱ्या बायकांच्या प्रयोगांसाठी राबायचे, मग आपल्या प्रयोगाला जागा मागायची. ती संस्था ४० वर्षांहून जास्त काळ टिकली. इथेही प्रत्येक सहभागी स्त्रीकडून ४ तासांची एक पाळी अपेक्षित असते, तिच्या स्वतःच्या प्रयोगाचा दिवस सोडून. दिवे हाताळायचे नसतील तर तिकीट फाडा, खुर्च्या मोजा, विंगेत पाण्याच्या बाटल्या ठेवा. 'मी दिग्दर्शिका आहे, मी खुर्च्या लावणार नाही' असे म्हणणाऱ्या बाईच्या नाटकासाठी कुणीतरी खुर्च्या लावलेल्या असतात, हे तिला कळायला हवे. पाळी घेऊन न येणाऱ्यांचा प्रश्न यापेक्षा मोठा आहे. दर ६ जागांसाठी ८ नावे घ्यावी लागतात, आणि तरी शेवटच्या रात्री संच उतरवायला माणसे कमी पडतात.

काम करणाऱ्या बायकांची मुले सांभाळायच्या खोलीबद्दल तुम्ही 'गोंगाट' एवढाच शब्द खर्च केला आहे. खोली विंगेला लागून होती, ही आयोजकांची चूक. ती मध्ये दोन दारे असतील इतकी लांब हवी. पण त्याहून मोठी अडचण वेळेची आहे. खोली पडदा पडताच बंद झाली आणि संच उतरवणाऱ्या आयांना कडेवर मूल घेऊन टेप काढावी लागली. खोली पडद्यानंतर आणखी एक तास उघडी हवी. लिहायचे तर हे लिहायला हवे होते.

जाता जाता आणखी एक. 'तरुणींनी चक्क शिडीवर चढून दिवे टांगले' हे वाक्य आणि त्यापुढे अभिनेत्रींची वये छापण्याची गरज नव्हती. लंडनच्या अभिनेत्रींनी मताधिकारासाठी आपली संघटना १९०८ साली काढली. वेल्समधल्या कार्डिफमध्ये १९८६ साली महिला रंगकर्मींचा आंतरराष्ट्रीय मेळावा भरला. बायकांनी रंगमंच चालवणे ही नवलाई राहिलेली नाही. तुमच्या छायाचित्रकारांनी फ्लॅश मारला तो मात्र नवा धोका होता. अंधाराला सरावलेल्या डोळ्यांवर फ्लॅश पडला की काही सेकंद काहीच दिसत नाही, आणि ती कलावती त्या वेळी एका पायावर उभी होती. रंगीत तालमीला छायाचित्रांसाठी वेगळा वेळ दिलेला असतो. तेव्हा यावे.

उशिराबद्दलची दुरुस्ती त्याच पुरवणीत, त्याच पानावर छापावी ही मागणी आहे. त्या ५० मिनिटांत रंगमंच पुसणाऱ्या सहाही जणींची नावे कार्यक्रमपत्रिकेच्या मागच्या पानावर 'रंगमंच साहाय्य' या शीर्षकाखाली आहेत. दुरुस्तीबरोबर तीही छापावीत.

आपली,
रंगमंच व्यवस्थापनात काम करणारी एक वाचक