नाझरेथच्या चर्चखालचे चर्च

मा. संपादक,
स. न.

रविवारच्या पुरवणीतला येशूच्या गावावरचा, म्हणजे इस्रायलमधल्या नाझरेथवरचा, प्रवासलेख आवडला. मात्र तिथले चर्च '१९६९चे' म्हणून एका ओळीत उरकले, ते खटकले. जोव्हान्नी मुझिओ यांनी आखलेल्या आजच्या इमारतीचा अभिषेक १९६९ साली झाला हे खरे, पण ती उभी आहे एका हरवलेल्या चर्चच्या पायावर.

गब्रिएल देवदूताने मरियेला येशूच्या जन्माचा निरोप दिला असे मानतात, ती गुंफा पोटात घेऊन क्रुसेडवाल्यांनी, म्हणजे युरोपातून धर्मयुद्धाला आलेल्या ख्रिस्ती लोकांनी, बाराव्या शतकात इथे मोठे कॅथेड्रल बांधले. फ्रान्सचा राजा नववा लुई १२५१ साली इथे प्रार्थनेला आला होता. पुढे बाराच वर्षांनी, १२६३ मध्ये, इजिप्तचा मामलुक सुलतान बैबर्सने ते जमीनदोस्त केले. फ्रान्सिस्कन धर्मगुरूंना नवे चर्च बांधता आले ते थेट १७३० मध्ये.

मग १९०८ साली फादर प्रॉस्पेर व्हिओ यांना उत्खननात पाच कोरीव स्तंभशीर्षे सापडली. ११८७च्या जुलैत हत्तीनची लढाई क्रुसेडवाले हरले आणि विजयी सुलतान सलादिनची फौज येणार म्हणून ती घाईने पुरली गेली, असे अभ्यासक मानतात. खांबांवर ती कधी चढलीच नसावीत. ऊनपाऊस न लागल्याने कोरीवकाम अजून ताजे वाटते.

पॅरिशच्या यात्रेत मी ती तिथल्या संग्रहालयात पाहिली. गाईड घाई करत होता, तरी थॉमसच्या शिल्पापुढून माझा पाय निघेना. येशू कुशीतली जखम दाखवतो आहे आणि तो पुन्हा उठला यावर विश्वास न ठेवणारा त्याचा शंकेखोर शिष्य थॉमस समोर. भारतात आला असे आपण मानतो, तोच हा थॉमस! मोठ्या चौकोनी शीर्षावर मुकुटधारी स्त्री एका प्रेषिताला हाताला धरून सैतानांच्या गर्दीतून नेते आहे. घडवणाऱ्यांची नावे कुठेच नाहीत. कॅथेड्रल पडले आणि त्यांचे हे काम तेवढे मातीने सांभाळले.

खाली गुंफेपाशी जुन्या चर्चच्या अर्धगोल भिंतींचे दगड अजून दिसतात. वसईच्या किल्ल्यातली बिनछपराची चर्चेस पाहत मी वाढलो, त्यामुळे असे दगड मला परके वाटत नाहीत.

पुन्हा नाझरेथवर काही छापाल, तेव्हा नव्या घुमटाशेजारी त्या थॉमसच्या शिल्पाचाही फोटो द्यावा, ही मनापासून विनंती.

आपला,
एक नियमित वाचक, वसई