आप्पांनी फोडून ठेवलेली लाकडं

एस्पो, फिनलंड
८ जानेवारी

प्रिय बाळ्या,

सप्रेम नमस्कार.

परवा फोनवर तू विचारलंस, "आप्पा रमले का रे तिकडं?" आणि मी "हो, मजेत आहेत" म्हणून विषय संपवला. आप्पा शेजारीच बसले होते, त्यांच्यासमोर नीट बोलता येईना. आता ते आणि इरा झोपलेत, मुग्धाची रात्रपाळी आहे, म्हणून सविस्तर लिहायला बसलोय.

नाताळच्या सुट्टीत आम्ही चौघं इनारीला जाऊन आलो. नकाशात फिनलंडच्या अगदी डोक्यावर बघ, एक मोठा निळा डाग दिसेल, तो इनारीचा तलाव. हजार चौरस किलोमीटरहून मोठा, आणि त्यात तीन हजारांहून जास्त बेटं. इनारी हा म्हटला तर एक तालुका, पण आपल्या सातारा जिल्ह्याच्या दीडपट पसरलेला. माणसं किती? सात हजारांच्या आसपास. आपल्या जिल्ह्यात तीस लाख आहेत. हा हिशेब आप्पांना सांगितला तर ते बराच वेळ गप्प बसले आणि मग म्हणाले, "मग एखाद्याला रात्री काय झालं तर दार कुणाचं वाजवायचं?" हा प्रश्न त्यांनी का विचारला ते मला कळलं. तुलाही कळेल.

हेलसिंकीहून आपली मोटार रेल्वेवर चढवता येते. आपण डब्यात झोपायचं, बारा तासांनी सकाळी रोवानिएमीला मोटार उतरवून घ्यायची. तिथून पुढं इनारी सव्वातीनशे किलोमीटर. मी गाडी चालवत होतो आणि शेजारी तीस वर्षं एस.टी. चालवलेला माणूस. पहिले पन्नास किलोमीटर त्यांचा उजवा पाय नुसता ब्रेक शोधत होता. रस्ता पांढरा, दोन्ही बाजू पांढऱ्या, वरून भुरभुर चालू. रस्त्याची कड कळावी म्हणून दोन्हीकडं उंच काठ्या रोवलेल्या असतात, तेवढीच खूण. समोरून बर्फ ढकलणारा भलामोठा ट्रक आला आणि त्याच्यामागं उडालेल्या बर्फात दोन क्षण काहीच दिसेना. ट्रक गेल्यावर आप्पांनी मागं वळून बघितलं आणि कपाळाला हात लावून त्या ड्रायव्हरला नमस्कार केला. ह्या माणसांमुळंच वाट राहते म्हणाले.

सोदानक्यला गाव मागं पडल्यावर रेनडिअर आडवे आले. पंधरा-वीस असतील, भर रस्त्यात उभे. मी हॉर्नकडं हात नेला तर आप्पांनी मनगट धरलं. "वाजवू नको. बिथरतील. एक निघालं की बाकीचे मागनं जातील." आणि तसंच झालं. दहिवडीच्या रस्त्यावर मेंढरं आडवी आल्यावर ते असंच थांबायचे, आठवतं? हे रेनडिअर दिसायला रानातले, पण प्रत्येकाचा मालक ठरलेला असतो. कानाला कातरून खुणा केलेल्या असतात, प्रत्येक मालकाची खूण वेगळी. वासरू उन्हाळ्यात आईच्या मागं पळत असतं तेव्हा आई कुणाची ते बघून त्याच्या कानावर तीच खूण करतात.

तलावाकाठी लाकडी खोपटं भाड्यानं घेतलं होतं. नळ नाही. तलावाच्या बर्फाला भोक पाडून ठेवलेलं, त्यातून बादलीनं पाणी आणायचं. रात्रीत त्यावर पुन्हा बर्फ धरतो, मग सकाळी लोखंडी पहारीनं फोडायचा. हे काम आप्पांनी पहिल्याच दिवशी स्वतःकडं घेतलं. अंगावर माझा जाड कोट, त्यावर फलटणहून आणलेलं घोंगडं. ते घोंगडं बॅगेत भरताना मी फोनवरून केवढी हुज्जत घातली होती! पण आठवडाभर त्या घोंगड्यानं जे काम केलं ते माझ्या महागाच्या जाकिटानं केलं नाही.

एक दिवस उणे एकतीस झालं. नाकातले केस गोठून काट्यासारखे टोचतात, पापण्या एकमेकींना चिकटतात आणि पायाखालचा बर्फ खरड खरड वाजतो. त्या सकाळी गाडी चालू होईना. अशा थंडीत रात्री इंजिनाला विजेच्या वायरीनं ऊब द्यावी लागते, त्यासाठी गाड्या लावायच्या जागी खांबावर प्लग असतात. मी वायर लावायला विसरलो होतो. मला स्वतःचा भयंकर राग आला. अर्ध्या किलोमीटरवरच्या घरातली एक म्हातारी बाई आमचा धूर आणि बंद गाडी बघून आपण होऊन चालत आली. माझ्याकडची वायर आखूड पडत होती, तिनं घरून लांब वायर आणली, जोडून दिली आणि तीन तास हात लावू नका म्हणाली. चहाला थांबली नाही. त्यानंतर आप्पांनी तो दार वाजवायचा प्रश्न पुन्हा विचारला नाही.

आता सूर्याचं सांगतो. इनारीला डिसेंबरच्या सुरुवातीला मावळलेला सूर्य जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत उगवतच नाही. ह्या दिवसांना फिनिश लोक 'काआमोस' म्हणतात. मला वाटलं होतं, आप्पा खचतील. आई गेल्यापासून त्यांना अंधार सोसत नाही, रात्री दिवा लावून झोपतात. पण काआमोस म्हणजे मिट्ट काळोख नव्हे रे. साडेदहाच्या सुमाराला सगळं निळं होतं. बर्फ निळा, झाडं निळी, इराचे गालसुद्धा निळे दिसतात. बाराच्या सुमाराला दक्षिणेला क्षितिजाशी केशरी पट्टी उमटते, सूर्य त्या कडेखालीच चालत असतो, आणि दोन-अडीचपर्यंत हळूहळू सगळं विझतं.

आप्पा रोज उठल्यावर सूर्याला अर्घ्य देतात हे तुला माहीत आहे. पहिल्या दिवशी तांब्या घेऊन दारात उभे राहिले आणि मला विचारलं, "कुणीकडं तोंड करू?" मी म्हटलं, बारा वाजेपर्यंत थांबा. ते खरंच न खाता थांबले. बाराला तलावाच्या काठावर जाऊन त्या केशरी पट्टीकडं तोंड करून पाणी सोडलं. पाण्याच्या धारेनं बर्फात एक बारीक, खोल भोक पडलं आणि कडा लगेच गोठल्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी त्याच भोकात धार सोडली. आम्ही निघालो तेव्हा तिथं मनगटाएवढी काचेची नळी तयार झाली होती.

पौर्णिमा जवळ आली तसा चंद्र मावळायचाच थांबला. आकाशाला नुसती प्रदक्षिणा घालत राहायचा. आणि ध्रुव! फलटणला तो क्षितिजापासून जेमतेम अठरा अंशांवर असतो, इथं एकोणसत्तर. मान मागं टाकून बघावा लागतो. रात्रीच्या गाडीवर असताना आप्पा कुठल्याशा वळणावर तो समोर बघायचे म्हणे. "इतका वर कधी बघितला नव्हता," एवढंच म्हणाले. उत्तरेचे दिवे एकाच रात्री दिसले, हिरवे, वीसेक मिनिटं. फिनिशमध्ये त्यांना 'रेवोन्तुलेत' म्हणतात, म्हणजे कोल्ह्याचा विस्तव. कोल्हा शेपटीनं बर्फ उडवत डोंगरावरून धावतो आणि त्याच्या ठिणग्या आभाळात जातात, अशी गोष्ट आहे. इरानं ती आजोबांना मराठीत सांगितली. पूर्ण गोष्ट, एकही फिनिश शब्द न घालता. इथल्या शाळेत गेल्यापासून ती माझ्याशी निम्मं फिनिश बोलते. आजोबांना मात्र मराठीशिवाय काही कळत नाही, म्हणून तिचं मराठी थोड्याच आठवड्यांत मोकळं झालंय.

हे मी इनारी गावातल्या संग्रहालयात जास्त विचारात घेतलं. इथले मूळचे लोक सामी. इनारी सामी ही भाषा फक्त ह्या तलावाच्या आसपास बोलतात, बोलणारे काहीशे. मुलांच्या तोंडून ती जवळजवळ गेलीच होती. मग १९९७ साली त्यांनी 'भाषेचं घरटं' काढलं. म्हणजे बालवाडी, पण तिथं पोरांशी पहिल्या दिवसापासून फक्त इनारी सामी बोलायचं. ही कल्पना न्यूझीलंडच्या माओरी लोकांकडून घेतलेली. त्यातून पुन्हा ती भाषा बोलणारी मुलं तयार झाली. मला वाटतं, आप्पांनी आमच्या घरी नकळत असंच एक घरटं केलंय. मी त्यांना मार्चनंतरही ठेवून घेण्याच्या खटपटीत आहे, पण व्हिसाचं अवघड दिसतंय, आणि त्यांचं मन तिकडं वाड्याच्या जोत्यावर आहे हेही मला कळतं.

आणि आता ज्यासाठी हे पत्र लिहायला घेतलं ते.

इनारी गावाजवळ जिथं गाडी ठेवतात तिथून साधारण साडेचार किलोमीटर आत, जंगलात, पिएल्पायार्वी नावाचं तळं आहे. तिथं १७६० सालचं एक लाकडी चर्च आहे. पूर्वी सामी लोकांची हिवाळ्यातली वस्ती तिथं असायची. आता रस्ता नाही, चालतच जावं लागतं. थंडी ओसरून उणे बारावर आली त्या दिवशी पायाला बर्फातली रुंद पादत्राणं बांधून आम्ही गेलो. आप्पा अडुसष्ट वर्षांचे, पण वाटेत एकदाच बसले. चर्च बाहेरून करडं पडलेलं, चार बाजूंना कुणी नाही.

तळ्याकाठी एक औतिओतुपा आहे. औतिओतुपा म्हणजे रानातली उघडी झोपडी. फिनलंडच्या उत्तरेत अशा कितीतरी आहेत. कुलूप नाही, भाडं नाही, राखणदार नाही. आत एक शेगडी, झोपायला फळ्यांचा लांब ओटा, कुऱ्हाड, करवत, एक वही. कुणीही यावं, एक-दोन रात्री राहावं. नियम थोडेच. निघताना झाडून काढायचं. पुढच्यासाठी कोरडी लाकडं आणि ढलप्या आत आणून ठेवायच्या. आणि सगळ्यात मोठा नियम असा, की जो सगळ्यात शेवटी येईल त्याचा हक्क पहिला. जे आधी आले त्यांची विश्रांती झालेली असते, त्यांनी जागा करून द्यायची, वेळ पडली तर निघायचं.

मी हे सांगत होतो तर आप्पा म्हणाले, "म्हणजे धर्मशाळाच की." मग थोड्या वेळानं, "पण आपल्या धर्मशाळेत आधी आलेला कोपरा धरतो."

बाळ्या, मला राजगड आठवला. पद्मावतीच्या देवळातली ती पावसाची रात्र. आपण सहा जण ऐसपैस पसरलो होतो, आणि अकरा वाजता ते कुटुंब भिजून आलं, बरोबर लहान मुलगा. तू उठलास. तू एकटा उठलास आणि स्वतःची सतरंजी त्या पोराला देऊन रात्रभर दाराशी बसलास. आम्ही बाकीचे झोपेचं सोंग घेऊन पडून राहिलो. मी जागा होतो. हे मी तुला आजवर कधी सांगितलं नव्हतं.

झोपडीत आमच्या आधी कुणीतरी लाकडं रचून ठेवली होती, वर बर्चची साल. ही साल ओली असली तरी पेटते, तिच्यात तेल असतं. बर्च म्हणजे आपल्या भूर्जाच्याच कुळातलं झाड. इरानं पापुद्रा सोलून त्यावर पेन्सिलीनं नाव लिहिलं. एका काडीत शेगडी पेटली. आप्पा त्या ज्वाळेकडं बघत होते आणि मग, आषाढापासून पहिल्यांदाच, आईबद्दल आपण होऊन बोलायला लागले. त्या रात्री दार कुणाचं वाजवलं ते. तू गाडी कशी काढलीस, पालखीच्या गर्दीतून वाट कशी काढलीस, तिन्ही रात्री दवाखान्याच्या बाकड्यावर कसा बसून होतास, वहिनी डबा घेऊन कशी येत होती. मी विमानं बदलत पोचलो तेव्हा सगळं करून झालेलं होतं. तू मला नुसतं जवळ घेतलंस आणि म्हणालास, "जेवलास का?" तेव्हा मला काही बोलता आलं नाही. नंतरही नाही. आता लिहितोय, तर हात थांबतोय.

तेवढ्यात बाहेर आवाज झाला. पाठीमागं सामानाची घसरगाडी ओढत एक माणूस आला, दाढीवर बर्फ. मी काही म्हणायच्या आत आप्पा शेगडीजवळची जागा सोडून उठले, त्याला हातानं बसवलं आणि आपल्या थर्मासमधला आल्याचा चहा त्याच्या हातात दिला. दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती. तो माणूस कप दोन्ही हातांत धरून बराच वेळ नुसता बसून राहिला.

उजेड जायच्या आत निघायचं होतं. पण आप्पा कुऱ्हाड घेऊन बाहेर गेले. आम्ही जाळली त्याच्या दुप्पट लाकडं फोडली. आत आणून शेगडीशेजारी रचली, खाली जाड, मध्ये बारीक, सगळ्यात वर ढलप्या आणि साल. मी म्हटलं, "आप्पा, पुरे, अंधार होईल." ते ऐकेनात. मग त्यांनी वही मागितली. त्यात फिनिश, जर्मन, कुठंतरी जपानी लिहिलेलं. आप्पांनी तारीख घातली, नाव लिहिलं, खाली 'निवृत्त चालक, एस.टी., फलटण'. थोडा विचार केला आणि एक ओळ लिहिली, "लाकडं फोडून ठेवली आहेत. चहा संपला."

वहिनीला नमस्कार, तात्यांना साष्टांग. आप्पा १४ मार्चला मुंबईत उतरतील. त्यांना घ्यायला मी दुसऱ्या कुणाला सांगणार होतो, पण ते म्हणाले, बाळ्या येईल.

तुझा,
शेखर