फणसाचं घर कुठे आहे, पप्पा?

वसई,
नोव्हेंबरचा तिसरा रविवार, रात्र

प्रिय आई, पप्पा,

तुम्ही मेलबर्नला दादाकडे गेल्यापासून फोनवर रोज बोलतो, पण दादा मधेच फोन ओढून घेतो, पप्पांना अर्धं ऐकू जात नाही आणि आई ‘जेवलीस का’च्या पुढे सरकू देत नाही. म्हणून लिहितेय. शिवाय यातलं काही स्पीकरवर, घरातली चार माणसं ऐकत असताना, बोलण्यासारखं नाही. ते तुमच्याकडूनच शिकले, पप्पा.

तर तुमची हिशेबाची वही आता माझ्याकडे आहे. सप्टेंबरात एका रविवारी मिस्सा आटोपल्यावर फादरांनी मला देवळाच्या पायऱ्यांवर गाठलं. गरिबांच्या घरी जाऊन मदत करणाऱ्या आपल्या व्हिन्सेंट डी पॉलच्या सभेत सातच माणसं उरलीत, त्यातली पाच सत्तरीच्या पुढची. “तुझ्या पप्पांची खुर्ची रिकामी आहे,” एवढंच म्हणाले. मी लोकलचं, ऑफिसचं रडगाणं लावणार होते, तेवढ्यात त्यांनी वही हातात दिली. फादर हुशार आहेत.

खरं सांगू? लहानपणी मला या सभेचा रागच यायचा. रविवारचं मटण गार व्हायचं, आई दारात जाऊन जाऊन यायची आणि तुम्ही कुणाच्या तरी ओसरीवर. आणि आलात की म्हणायचात, भूक नाही.

सभा तशीच चालते. प्रार्थना, थोडं वाचन, गेल्या आठवड्यात कोणती जोडी कुणाच्या घरी जाऊन आली ते सांगायचं, आणि शेवटी ती कापडी पिशवी. मिटलेली मूठ आत घालायची, रिकामी बाहेर काढायची. पहिल्या दिवशी मी पाचशेची नोट दोन बोटांत धरून बसले होते. शेजारच्या अंकलनी काही न बोलता माझी बोटं मिटवली. कान लाल झाले माझे. फादरांनी वाचायला दिलेल्या पुस्तिकेत आहे, की 1833 मध्ये पॅरिसमध्ये फ्रेडरिक ओझानामने मित्रांबरोबर ही सभा सुरू केली तेव्हा तो वीस वर्षांचा कॉलेजातला पोरगा होता. आपल्या सभेतली पांढरी डोकी बघून मला हसू आवरेना.

हॉलमागच्या दोन खोल्या, जिथे तुम्ही लग्नाच्या खुर्च्या रचून ठेवायचात, तिथे आता सेंटर आहे. शनिवारी दुपारी मी तिथे बसते. मला वाटलं होतं तांदूळ मोजायचे, औषधं द्यायची. निघाले सगळे कागद. रेशनकार्डाच्या ई-केवायसीला अंगठा लागतो, आणि जन्मभर वाडीत खुरपणी केलेल्या किंवा मिठागरात राबलेल्या बायकांचे अंगठे यंत्राला दिसतच नाहीत. एका मावशींची दहाही बोटं लावून झाली. त्या म्हणाल्या, “देवाने रेघा परत घेतल्या वाटतं.” शेवटी मोबाइलवर चेहरा दाखवून काम झालं, तेही तिसऱ्यांदा, खिडकीजवळ उजेडात बसवल्यावर. पेन्शनवाल्यांच्या हयातीच्या दाखल्यांची गर्दी वेगळीच. नोव्हेंबर म्हणजे आमचा सीझन!

मला सगळ्यात चीड आणते ती संजय गांधी निराधार योजनेची अट. विधवेला महिन्याला 1,500 रुपये मिळतात, पण त्यासाठी कुटुंबाचं वर्षाचं उत्पन्न 21,000 च्या आत असल्याचा दाखला हवा. म्हणजे महिन्याला 1,750 रुपये. एवढ्यात घर चालवणाऱ्या विधवेने तहसीलच्या तीन-चार खेपांचं रिक्षाभाडं कुठून आणायचं? ते भाडं मी सभेच्या खर्चात टाकायला लावलं. एक अंकल कुरकुरले, की ही बाई आपल्या पॅरिशची नाही, ख्रिस्तीसुद्धा नाही. मी वाद घातला नाही. तुमची वही त्यांच्यापुढे उघडून ठेवली. तुमच्या नोंदींत धर्म कुठेच नाही.

नावंही नाहीत, आणि तिथेच मी अडकलेय.

‘निळं दार – पाच किलो तांदूळ.’ ‘रहाट – इन्सुलिन.’ ‘फणस – फी, धाकट्याची.’ पान चुकून कुणाच्या हाती लागलं तरी कुणाचा चारचौघांत उल्लेख होऊ नये, हे कळलं मला. पण पप्पा, तुमची वसई वहीतच राहिली हो! रहाट कधीच गेला, त्या विहिरीवर आता पंप आहे. तरी ते घर सापडलं. निळं दार हिरवं झालंय. बावखलाच्या, त्या जुन्या तळ्याच्या, कडेने तीन घरं चुकले तेव्हा मिळालं. आतल्या म्हाताऱ्या आजींनी मला नुसतं पाहिलं आणि म्हणाल्या, “अगदी बापाची चण. बस. तुझा बाप माझ्या हातचा चहा प्यायल्याशिवाय पिशवी काढायचा नाही.”

आई, ऐकतेस ना? घरी ज्यांना चहाने पित्त होतं, ते रविवारी चार घरचा साखरेचा चहा पीत होते. म्हणून भूक नसायची. इतकी वर्षं तू भांडलीस, आणि त्यांनी एकदाही सांगितलं नाही. आज मी तीन कप प्यायले. एका घरी दूध नव्हतं, तर मुलाला शेजारी पाठवून आणलं त्यांनी. मी नको म्हणाले असते तर फार वाईट झालं असतं, हे ते मूल दूध घेऊन धावत आलं तेव्हा समजलं. दुपारी मटण तसंच राहिलं. संध्याकाळी गरम करून खाल्लं.

फणस मात्र सापडत नाही. होळी बाजारावरून मागे जाऊन आले, तळ्याकडे विचारलं, जुन्या वाटेवर दोन ठिकाणी नुसते बुंधे दिसले, एका जागी चार मजली बिल्डिंग. कुणाला सरळ विचारायचं तर काय म्हणून विचारू? तुमची शेवटची नोंद मे महिन्यातली आहे, तुम्ही मेलबर्नला निघालात त्याच्या आठवडाभर आधीची. म्हणजे ते घर आहे, धाकटाही शाळेत असणार, आणि जूनपासून त्यांच्याकडे कुणीच गेलेलं नाही.

नाव लिहू नका. खूण सांगा, पण आजही उभी असेल अशी. झाड नको, इलेक्ट्रिकचा खांब, क्रूस, चक्की, असं काहीतरी. नाताळची पाकिटं 20 डिसेंबरला वाटायची ठरलीत, त्याआधी कळवा. दादाला मेसेज टाइप करायला सांगू नका. स्वतः लिहा आणि त्याचा फोटो पाठवा. तुमचं अक्षर आता मला लागतं.

आई, राजेळी केळी चांगली आलीत, काकीने सुकेळी वाळत घातलीत. तिकडे पाठवली तर विमानतळावरच काढून घेतील म्हणे. तुमच्या वाटणीची डब्यात ठेवते.

तुमची,
धाकटी