बाबा, घाडग्यांच्या सदऱ्याचा रंग मी बदलला आहे

पुणे, रविवार

तीर्थरूप बाबा आणि आई यांना शिरसाष्टांग नमस्कार.

बाबा, गेल्या महिन्यात महाडहून निघताना, दुसऱ्या महायुद्धात इटलीत लढताना पडलेल्या आणि व्हिक्टोरिया क्रॉस मिळालेल्या नाईक यशवंत घाडगे यांची छोटी अपुरी मूर्ती आणि रंगांचा डबा मी तुम्हाला न विचारता बरोबर आणला, हे आईने एव्हाना सांगितले असेल. पुढची गोष्ट तिलाही ठाऊक नाही. मूर्तीच्या सदऱ्यावर तुम्ही दिलेल्या खाकीवर मी नवा रंग चढवला आहे. फोनवर हे सांगण्याचे धैर्य झाले नाही, म्हणून लिहीत आहे.

मूर्ती आणली, कारण "एवढा घाडगे पुरा होऊ दे" असे म्हणत तुम्ही डाव्या डोळ्याची शस्त्रक्रिया दिवाळीपासून पुढे ढकलत आहात. इटलीत मोंतोने येथे त्यांच्या स्मरणार्थ २०२३ मध्ये उभारलेल्या सूर्यघड्याळाची छायाचित्रे पाहून तुम्ही किती उमेदीने हे काम हाती घेतले होते, ते मी विसरलेलो नाही. तरीही तुमचा डोळा मला त्याहून मोलाचा वाटला.

रंगाचे कारण वेगळे आहे. सदरा तुम्ही उजव्या डोळ्याच्या शस्त्रक्रियेपूर्वी रंगवला होता. मोतीबिंदूने डोळ्यातील भिंग पिवळसर होते. सगळेच आधीपासून पिवळट दिसत असल्यामुळे तुमच्या मिश्रणात पिवळा कमी पडत गेला असावा, असे मला वाटते. माझ्या दिव्याखाली तो सदरा राखाडी-हिरवा दिसत होता. जुलै १९४४ चा उन्हाळा दाखवायचा, तर धुऊन धुऊन विटलेले सुती खाकी कापडच दिसले पाहिजे, हे अण्णांच्या पेटीतील सदरा उलगडून तुम्हीच मला शिकवले होते. दोष तुमच्या हाताचा नव्हता, हे कृपा करून लक्षात घ्या.

मी घाई केलेली नाही. पाण्यासारख्या पातळ ॲक्रिलिकचे सहा हात दिले आणि प्रत्येक हात पूर्ण वाळू दिला. एकशेवीस मिलिमीटरच्या मूर्तीवर खऱ्या उजेडाची सावली पुरेशी पडत नाही, ती रंगानेच पाडावी लागते. म्हणून चुण्यांच्या खोलात काळा न घालता तपकिरी मिसळला आणि खांद्यांवर खाकी उजळत नेला. पाठपिशवीखालचा तुमचा रंग तसाच ठेवला आहे.

चेहऱ्याला मी ब्रश लावलेला नाही आणि लावणारही नाही. बाटलीतून मिळणारा त्वचेचा रंग बहुतेक वेळा गोऱ्या सैनिकांसाठी केलेला असतो आणि बरेच जण त्यातच तपकिरी ओतून भारतीय चेहरा उरकतात. तुम्ही मात्र तैलरंगातील बर्न्ट सिएना या तांबूस-तपकिरी रंगापासून सुरुवात करून गालावर मंद तांबूस आणि हनुवटीवर किंचित निळसर छटा आणली आहे, त्यामुळे तो बावीस वर्षांचा कोकणी मुलगा वाटतो. आणि ते हात! नुसत्या उभ्या असलेल्या सैनिकाचे दोन्ही हात कापून, एम-सीलने नवे घडवून, त्यांत उलटी धरलेली टॉमीगन, म्हणजे हातातली छोटी मशीनगन, देणे मला जमले नसते. साथीदार पडलेले, मॅगझिन बदलायला वेळ नाही, म्हणून नळी मुठीत धरून दस्त्याने भिडलेला माणूस त्या मनगटांत दिसतो.

एसटी माणगावला थांबली की "पळसगाव याच तालुक्यातले" असे म्हणून तुम्ही मला मांडीवर घेऊन हीच हकीकत सांगायचात आणि शेवटाच्या आधी खिडकीतून जांभळांचा द्रोण घेऊन द्यायचात. त्यांना पुढे गोळ्या लागल्या, हे मी बराच मोठा झाल्यावर वाचले. तुम्ही ते का टाळत होतात, हे आता मला स्वतःला मुलगी झाल्यावर कळते.

छंद सोडा, असे मी म्हणत नाही, बाबा. पांढऱ्या उजेडाचा दिवा, स्टँडवरचे भिंग आणि मूर्ती पकडण्याची लाकडी मूठ आणून ठेवली आहे. कोपर टेकवून काम केले की हाताचा कंप बराच थांबतो. त्यासाठी हात असलेली खुर्चीही पाठवत आहे. आई, खिडकीपाशी वेगळे टेबल लावू, म्हणजे तुझे जेवणाचे टेबल तुला परत मिळेल.

आता ऐका. गुरुवारी तपासणीला जायचे आहे आणि शस्त्रक्रियेची तारीख घेऊनच घरी यायचे आहे. डॉक्टर परवानगी देईपर्यंत मूर्तींचे रेझिन घासायचे नाही. नंतरही ओल्या पॉलिश पेपरने आणि तोंडाला मास्क बांधूनच घासायचे. थिनरची बाटली खिडकी बंद असताना उघडायची नाही. ब्रशचे टोक ओठांनी जुळवण्याची सवय पूर्ण बंद. आई, तू त्यांच्यावर लक्ष ठेव, आणि तुझी गुडघ्याची गोळी चुकवू नकोस.

पुढच्या रविवारी मूर्ती घेऊन येतो. बाबा, ती ओसरीवरच्या उन्हात धरा, डावा डोळा झाकून उजव्याने पाहा आणि मग सदऱ्याविषयी काय ते बोला. तुम्हाला पटला नाही, तर तुमच्यासमोर बसून, तुम्ही सांगाल त्या मिश्रणाने मी तो पुन्हा रंगवीन.

तुमचा,
बाळू